मेंढ्याचं डोकं आणि गुरुवारचं कोडं

नारिन गावच्या तोक्तोसूनने बत्तीस वर्षं घाटातला बर्फ हटवायचं यंत्र चालवलं आणि तेवढीच वर्षं कोणाचं ऐकलं नाही. निवृत्तीनंतर तो फोनवरच्या बुद्धिबळाच्या गटात शिरला. मीटर बघणारा शर्शेन रोज सकाळी एका जुन्या पुस्तकातलं कोडं तिथे टाकायचा. उत्तरांची पानं त्याच्या बायकोने चूल पेटवायला वापरली होती, त्यामुळे गटाचं एकमत हेच उत्तर. आणि वाद रंगात आला की तोक्तोसून लिहायचा, "मी अडुसष्ट. तू किती?" वाद तिथेच मिटायचा. मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही, हे काय शिकवावं लागतं?

मार्चमध्ये 'म्हातारा बोकड ७१' नावाचं कोणी गटात आलं आणि तोक्तोसूनची वडीलकी गेली. हे त्याला फार लागलं. सप्टेंबरात सगळे पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसणार होते आणि मेंढ्याचं डोकं सगळ्यांत वडील माणसापुढे येतं. घरी ते थोरल्या भावाला मिळायचं, कामावर साहेबाला. उभ्या जन्मात ते तोक्तोसूनच्या वाट्याला आलं नव्हतं. आता तर हा बोकड तीन वर्षांनी मोठा. मोठा म्हटल्यावर इलाज नाही. सहा महिने तो त्याच्या प्रत्येक उत्तराला मान डोलवत राहिला.

जेवणाआधीच्या गुरुवारी बोकडाने लिहिलं, "हत्ती आठव्या घरात, मात." त्या हत्तीला काळा उंट आरामात खात होता. तोक्तोसूनला ते चहा ओतता ओतताच दिसलं. बोटं शिवशिवली. तरी वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'आके' म्हणत त्याने लिहिलं, "वा आके, शंभर वर्षं जगा." मग बाकीच्या अकरा जणांनीही री ओढली.

शनिवारी जेवणाला शर्शेनच्या घरी एक तरुण बाई आली, बूट काढले आणि म्हणाली, "माझं नाव बुरुलचा. म्हातारा बोकड."

"एकाहत्तर?" शर्शेनने विचारलं.

"तो फ्लॅटचा नंबर. मी एकोणतीस. दोनदा सांगितलं, तर तुम्हीच लिहिलंत, आके थट्टा करतात."

तोक्तोसूनचा चेहरा असा उजळला की विचारू नका. डोकं त्याच्यापुढे आलं. त्याने रिवाजाप्रमाणे कान कापला आणि सगळ्यांत लहान म्हणून बुरुलचाला दिला.

"घे पोरी. मोठ्यांचं ऐकत जा."

कान चावत ती म्हणाली, "गुरुवारचं माझं चुकलं होतं. उंट खातो हत्तीला. तासाभरात कळलं, म्हटलं कोणीतरी बोलेल. बारा जणांत एकालाही उंट दिसला नाही?"

"मला दिसला होता," तोक्तोसून म्हणाला.

शर्शेनने त्याच्या वाडग्यात रस्सा ओतला. "दिसणारच, आके. तुम्हाला नाही तर कोणाला दिसणार?"

"अरे, खरंच दिसला होता. चहा ओतताना."

"हो हो, चहा ओतताना." अकरा माना आदराने हलल्या. बुरुलचाचीही हलली, तोंडात कान तसाच. सहा महिने हेच केलेल्या तोक्तोसूनला त्या हलण्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. पुढ्यातलं डोकं निवत चाललं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं, यांच्यातल्या एकाने तरी म्हणावं, आके, थापा मारू नका.