पदराआडून ऐकलेलं पान

नवीन वेबपान दाखवलं, की सुमनअक्का आधी पदर डोळ्यांवर ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता वाच." आठवडाभर खपून रंगवलेल्या पानाकडे या बाई बघणारच नाहीत म्हटल्यावर माझा पापडच मोडायचा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जळगावात इंटरनेट म्हणजे नवलाई. अठ्ठावन्नाव्या वर्षी टायपिंगचा क्लास बंद करून अक्कांनी वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं होतं आणि मी त्यांच्या हाताखाली होते. आमच्याकडे दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर वेगवेगळे ब्राउझर. एकात पान झकास दिसे, दुसऱ्यात पार विस्कटे. मी म्हणे, "लोकांनी पहिलाच घ्यावा ना!"

"वा गं वा! एकाच कंपनीची गाडी चालेल असा रस्ता कोणी बांधतं का? सगळ्यांसाठी ठरलेले नियम आहेत, ते पाळ." आणि फारच चिडल्या, की माहेरची, धुळ्याकडची बोली बाहेर पडे, "सोनगीरना किल्ला नको बांधू, पोरी. ओटा बांध. बठ्ठासले बसता आलं पाहिजे." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना.

धुळ्याच्या एका कॉलेजचं काम आलं. पान इंग्रजीत होतं. अक्षरं देखणी दिसावीत म्हणून मी विषय, तारखा, बटणं, सगळ्याची चित्रंच करून टाकली. अक्कांनी पदराआडूनच मान हलवली. "हे आता दगडूभाऊ पास करतील. मी नाही."

दगडूभाऊ म्हणजे अक्कांचे धुळ्याचे जुने शेजारी. टेलिफोन ऑपरेटर, टायपिंगही येणारे. लहानपणीच डोळे गेलेले. चाळिशीत त्यांना बी.ए. करायचं होतं, तेही याच कॉलेजात. जन्मभर त्यांचा प्रत्येक फॉर्म दुसऱ्या कुणीतरी भरलेला. सहीपुरतं त्यांचं बोट जागेवर ठेवायचं. "हाऊ फॉर्म मी स्वतः भरसू," असं ते सगळ्या गल्लीला सांगून बसले होते. फॉर्म पडद्यावर भरून छापायची सोय ठेवायला अक्कांनी कॉलेजला भाग पाडलं होतं, ते त्यांच्यासाठीच.

एसटीनं ते जळगावला आले. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर अक्कांनी परदेशातल्या भाच्याकडून मागवून घेतलं होतं. ते सुरू केलं. माझ्या देखण्या पानावर ते खणखणीत आवाजात बोलू लागलं, "इमेज. इमेज. इमेज. इमेज."

दगडूभाऊंनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ताई, तुमना कॉलेजमा फक्त इमेजच शिकाडतस का?"

अक्का खो खो हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवत होते, आणि वर ते दार रंगवलं कसं छान, म्हणून मिरवत होते!

तीन दिवस बसून सगळं पुन्हा लिहिलं. चित्रं केली होती तिथे खरी अक्षरं, राहिलेल्या चित्रांना शब्दांत वर्णन, फॉर्मच्या प्रत्येक चौकटीला नाव. अक्का शेजारी बसून मेहरूणची वाळवलेली बोरं खात होत्या आणि चुका काढत होत्या. भाऊ पुन्हा आले. यंत्र बोलत गेलं, भाऊ टाइप करत गेले. कुठेही "इथं काय लिहू?" असं विचारलं नाही. छापलेला कागद हातात घेऊन त्यावरून त्यांनी दोनदा तळवा फिरवला. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना बोरं द्यायचीच विसरले.

प्रवेशाची यादी कॉलेज फळ्यावर लावणार होतं. अक्का अडून बसल्या, "फळा भाऊंना दिसतो का?" शेवटी यादी आमच्या पानावरही आली, साध्या अक्षरांत. भाऊ आमच्याकडे येऊन कान देऊन बसले. विसाव्या नावाच्या पुढे कुठेतरी यंत्र आपल्या गोऱ्या उच्चारात म्हणालं, "डॅग्डू."

"परत," भाऊ म्हणाले. परत लावलं. "आजून एक डाव."

त्या दिवशी तपासायचं काहीच उरलं नव्हतं. तरी मी वळून पाहिलं, तर अक्कांनी पदर डोळ्यांना लावलेला होता.