गुन्वोरच्या स्कीचं मेण

अस्लाकनं लाकडी स्कीच्या तळाला पाइनच्या झाडाचं गरम डांबर चोळायला घेतलं की वास अख्ख्या दरीत जायचा. लग्नाआधी गुन्वोर त्यानंच मेण लावलेल्या स्कीवर चढणीला लागली आणि मागं घसरत थेट त्याच्या मिठीत आली. "मेण चुकलं," तो म्हणाला. चढणीवर स्की मागं घसरू नये म्हणून पकडीचं मेण लावतात, पण बर्फ बदलला की तेही बदलावं लागतं; म्हणून आमच्याकडे मेण चुकलं म्हटलं की सगळं माफ. तिनंही माफ केलं, वर लग्न केलं.

यंदा ईस्टरच्या सुट्टीत मात्र दुखऱ्या गुडघ्यांपायी ती स्की घेऊन डोंगरावर यायला तयार नव्हती.

"घसरले तर?"

"मी मागंच आहे."

"तेव्हाही मागंच होतास."

"तेव्हा पकडीचं मेण लावलंच नव्हतं. मुद्दाम."

गुन्वोरनं त्याच्या हातातली मेणाची कांडी हिसकावली.

"सरक, लबाडा. माझं मी लावते. अन् माझे स्कीचे बूट बाहेर काढ."