लदेणीतली हवा

मंगळवारी सकाळी दलपतभाऊ वारले. फोन त्यांच्या मुलीचा होता. "बाबा गेले," ती म्हणाली. मी कोण बाबा असं विचारलं, कारण तिचा आवाज मी फोनवर कधी ऐकला नव्हता. मग तिने नाव सांगितलं.

दलपतभाऊ राठोड यवतमाळात कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होते. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होते. त्यांची माझी ओळख अंतराळामुळे झाली, हे लिहिताना आज मलाच थोडं विचित्र वाटतं. ते एकदा ग्रंथालयातला पंखा दुरुस्त करायला आले आणि खाली उतरल्यावर ग्रहांवरची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत असं विचारलं. बाहेरच्या माणसाला पुस्तक देता येत नसे, म्हणून मी माझ्या कार्डावर दिलं. ते पुस्तक परत करताना त्यांनी जे सांगितलं ते मी आधी गमतीवारी नेलं. "मॅडम, आमच्या आज्याइनं बैलाच्या पाठीवर मीठ आन् धान्य लादून देश पालथा घातला. त्याले लदेणी म्हनत. आता समजा पृथ्वीवरचे रस्तेच संपले, तं तांडा कुठं जाईन?" त्यांनी बोट वर केलं. तिथे त्यांनीच दुरुस्त केलेला पंखा फिरत होता.

अशी 'आभाळतांडा' ही आमची मालिका सुरू झाली. आमच्या गावच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर लग्नाच्या जाहिराती, साड्यांचे सेल आणि गणपतीच्या मिरवणुका दाखवत. रविवारी संध्याकाळचा अर्धा तास रिकामा होता, तो दलपतभाऊंनी मागून घेतला. गोष्ट एका जुनाट मालवाहू जहाजाची होती. जहाजाचं नाव लदेणी. ते एका ग्रहावरचा माल दुसऱ्या ग्रहावर नेई, वाटेत लुटारू भेटत, नाकेवाले अडवत, गोळीबार होई. कळंब रोडवरच्या मुरमाच्या खाणीत आम्ही सगळे परके ग्रह उभे केले. जहाज म्हणजे दलपतभाऊंची बंद पडलेली जिनिंग. तिथल्या लोखंडी दारांना, चाकांना आणि दांड्यांना रंगसुद्धा द्यावा लागला नाही.

जहाजावर आम्ही चौघं. नायक होते गुलाबराव काका, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात, म्हणून कॅप्टन हा शब्द दलपतभाऊंनी आत येऊ दिला नाही. स्वतः दलपतभाऊ गोप्या मिस्त्री झाले. मला त्यांनी हिरा बंदूकवाली केलं. मी कोणाशी मोठ्याने बोलत नसे, आणि त्यांच्या मते खरी नेमबाज बाई अशीच असते. माझी बंदूक फवारणी पंपाच्या नळीची होती. जहाज चालवणारा सोमा होता कैलास. तो एका कृषी केंद्रात काउंटरवर असे. दिसायला देखणा, बोलायला गोड. मालिकेला जाहिराती त्याच दुकानाच्या असत, आणि शाळेतल्या मुली आमच्या ग्रंथालयात येऊन मला विचारत, सोमा खरंच कुठे राहतो?

आमची कामाची एक रीत होती. कॅमेरा लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाचा होता. कापाकापी करायचं मशीन कोणाकडे नव्हतं. म्हणून भाग सलग घ्यायचा, दुपारी घेतला की तीच कॅसेट संध्याकाळी लागायची. कोणी अडखळलं तर अडखळणं दिसे. एकदा काकांना शिंक आली, तर दलपतभाऊंनी तिथल्या तिथे त्या ग्रहाला धुळीचं वादळ देऊन टाकलं. आपण चुकलो तरी गोष्ट थांबवायची नाही हा आमचा नियम होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्यावर इतकं लिहून झालं आहे की मी नव्याने काही सांगणार नाही. आम्ही त्याबद्दल जिनिंगमध्ये बोलतही नसू, आणि माझ्या मते लोक आमची मालिका पाहत त्याचं हेच कारण होतं. पण जिनिंग बंद होती म्हणूनच आम्हाला जहाज मिळालं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं.

हिवाळ्याच्या शेवटी दलपतभाऊंनी एक भाग लिहिला. लदेणी रस्ता चुकते. चूक सोमाची असते. हवा संपत येते, पुढच्या ग्रहापर्यंत चौघांना पुरणार नाही, तिघांना पुरेल. सोमा दाराबाहेर निघून जातो आणि गोप्याने दांडा ओढून दार बंद करायचं. दलपतभाऊ त्या भागावर खूश होते. केबलवाला तर त्यांच्याहून खूश. आठवडाभर पडद्याखालून पट्टी सरकत होती, रविवारी सोमाचा शेवट.

रविवारी आम्ही एक तालीम केली. दाराशी जाण्याआधी कैलासने खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली आणि दलपतभाऊंच्या हातावर ठेवली. हे लिहिलेलं नव्हतं.

"हे काय बे?"

"निशानी, भाऊ. सोमा जाते तं काही तरी देऊन जाईन ना."

"वा," दलपतभाऊ म्हणाले. "ठेव हे सीनमध्ये. मस्त हाय."

मीसुद्धा मान डोलावली. नटाला आयत्या वेळी काही सुचलं की आम्हाला फार आनंद होई. किल्ली त्यांनी खिशात टाकली. कॅमेरावाल्याने कैलासला विचारलं, सोमा मेला तरी पुढच्या रविवारी येशील ना, गर्दीत उभं राहायला माणूस लागतो. कैलास हसून म्हणाला, "पुढच्या रविवारचं कायले इचारतं आता."

चहाला आम्ही बाहेर आलो, कैलास आतच थांबला. काका बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "पोरगं आलं हेच लय झालं. त्याच्या गावात गुरुवारी काय झालं माहीत हाय ना?" आम्हाला माहीत नव्हतं. कैलासच्या गावातल्या बऱ्याच लोकांनी बियाणं त्याच्या दुकानातून, त्याच्या शब्दावर नेलं होतं. झाडं वाढली, बोंडं धरली नाहीत. गुरुवारी त्यांच्यातल्या एकाने जीव दिला होता. ज्याने लहानपणी कैलासला पोहायला शिकवलं, तो माणूस. "मयतीत कोनं याले काही म्हटलं नाई म्हनते," काका म्हणाले. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

दलपतभाऊंचा हात खिशावर गेला. तिथे किल्ली होती. ते उठले, चहा तसाच ठेवला आणि आत गेले. मी मागून गेले. कैलास रुईच्या खोलीच्या लोखंडी दाराला टेकून उभा होता.

"बरा हायेस ना बे?"

"मस्त हाओ, भाऊ."

"घरी कोन हाय?"

"माय गेली मावशीकडं. चाला ना, उन्हं उतरून राह्यली."

त्याच्या बोलण्यात धरण्यासारखं काही नव्हतं. मला बाजूला घेऊन दलपतभाऊ इतकंच म्हणाले, "मॅडम, मी काही बी केलं तं तुमी सोबत करा." मी म्हणाले, शूटिंग नको करू या आज. त्यांनी नकाराची मान हलवली आणि कॅमेरावाल्याला म्हणाले, "कर चालू. कॅसेट सरेपर्यंत बंद कराचा नाई."

पहिला अर्धा भाग लिहिल्याप्रमाणे झाला. हवा कमी झाल्याचं कळलं, काकांनी कपाळाला हात लावला, मी नळी खाली ठेवली. मग सोमाचं बोलणं आलं. रस्ता मी चुकलो, माझ्या वाट्याची हवा तुम्ही घ्या, इतकं साधं वाक्य होतं. कैलासने ते म्हटलं. मग तो थांबला... आणि पुढे म्हणाला, "लोकाइनं माह्या तोंडाकडं पाहून घेतलं. पाकिटाकडं कोनं पाह्यलंच नाई."

लदेणीवर कोणी कोणाला काही विकलं नव्हतं. पाकीट हा शब्द त्या गोष्टीत कुठेच नव्हता. कॅमेरावाल्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढून आमच्याकडे पाहिलं, पण बटण बंद केलं नाही.

कैलास दारात जाऊन उभा राहिला. दलपतभाऊंनी दांड्यावर हात ठेवला. ओढला नाही.

"ओढ ना, गोप्या."

"नाई ओढत."

"ओढ ना, भाऊ." आता तो गोप्याशी बोलत नव्हता. "माह्यानं नाई होत आता."

पत्र्याखाली कबुतरं फडफडली तेवढाच आवाज. दलपतभाऊ मोठ्या आवाजात म्हणाले, "नायक, तांड्याची रीत सांगा याले." काकांना रीत माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली होती. पण दलपतभाऊंकडून ऐकलेलं त्यांच्या कानात राहिलं असावं. ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "नसाब बसन, तांड्याची पंचायत. कोनाले जाऊ द्याचं, कोनाले ठेवाचं, हे एकट्यानं ठरवाचं नसते. तांडा ठरवते. इकडं ये. बस."

कैलास जागचा हलला नाही.

"म्या नायक हाओ का नाई?"

"हाओ, काका."

"मंग बस."

तो आत आला आणि जमिनीवर बसला. दलपतभाऊ त्याच्या आणि दाराच्या मध्ये बसले. काकांनी एकेकाला विचारलं. हवा तिघाइची हाय, आपन चौघं, काय कराचं? दलपतभाऊ म्हणाले, कमी घ्यायची. "रस्ता याच्या एकट्याचा नोता. आपन बी बसलो होतो ना जहाजात? आपन काहून नाई पाह्यलं?" मग काका माझ्याकडे वळले. "बंदूकवाली, तुमी बोला." मला पाठ केल्याशिवाय चार वाक्यंही बोलता येत नसत. मी म्हणाले, "मी तशीही कमीच बोलते. माझी हवा उरते."

"म्या बीडी सोडतो," काका म्हणाले.

कैलासला हसू फुटलं. ते हसू फार वेळ चाललं, आणि मग ते हसू राहिलं नाही. दलपतभाऊंनी त्याचं मनगट धरलं. "आता कोनं बोलाचं नाई," ते म्हणाले. "बोललं का हवा जाते. नुसतं बसाचं."

आम्ही बसलो. कॅसेट संपायला बराच वेळ होता. कॅमेरावाला आमच्या एकेकाच्या तोंडावर जाई आणि परत येई. मी श्वास खरोखरच हळू घेत होते, कधीपासून ते कळलं नाही. कॅसेट संपून मशीन बंद झालं तरी कोणी उठलं नाही. शेवटी दलपतभाऊ म्हणाले, "चाल. माह्या घरी जेवाले." किल्ली त्यांनी परत दिली नाही. काकांनी त्यांची जुनी लूना काढली आणि कैलासला मध्ये बसवून तिघंही तिच्यावरून गेले.

संध्याकाळी तो भाग जसा होता तसा लागला. दुसरी कॅसेट नव्हतीच. चार माणसं जमिनीवर गप्प बसली आहेत, एवढंच कितीतरी वेळ यवतमाळच्या घराघरांत दिसत होतं. केबलवाल्याकडे पहिले काही फोन आले ते टीव्ही बिघडला का म्हणून. नंतर आले नाहीत. दोन दिवसांनी भाजी घेताना एका अनोळखी बाईने माझा हात धरला. "बाई, तुमी बसल्या होत्या ना, तवा आमच्या घरात बी कोनी बोललं नाई. माहा सासरा लय दिवसानं बाहीर येऊन बसला." मग तिने हात सोडला आणि पिशवी उचलली. पाकिटाचं वाक्य कृषी केंद्राच्या मालकाला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जाहिरात गेली, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला भजनं लागली.

कैलास कितीतरी दिवस दलपतभाऊंच्या घरी, त्यांच्या तांड्यावर राहिला. दुकानात परत गेला नाही. दलपतभाऊ तेव्हा बेकार होते, तरी रोज सकाळी काही तरी काम काढून त्याला सोबत नेत. नंतर काकांनी त्याला मोठी गाडी चालवायला शिकवलं. मी एकदा दलपतभाऊंना विचारलं, तुम्हाला शंका आली होती तर शूटिंग थांबवलं का नाही? ते वायर सोलत होते. "थांबवलं असतं तं तो घरी गेला असता, मॅडम," ते म्हणाले. "कॅमेरा चालू होता तोवर तो आपल्या समोर होता." त्या भागाबद्दल याहून जास्त आम्ही कधी बोललो नाही. सोमाच्या शेवटाची ती गोष्ट आपणच लिहिली होती, हे मात्र त्यांच्या मनातून गेलं नसावं. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. पुस्तकं नेत, वाचत, वेळेवर परत करत.

ते गेल्यावर आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. कैलास महागावहून आला होता. तिथे तो शाळेची बस चालवतो. मला पाहून उठला, खुर्ची दिली, पाणी आणलं. मी काही विचारलं नव्हतं. समोर बसून तो म्हणाला, "त्या दिवशी मले घरी पोहोचाचंच नोतं, मॅडम. भाऊनं ओळखलं, पन शेवटपावतो मले इचारलं नाई." मग त्याच्या धाकट्या मुलीने बाहेरून हाक मारली आणि तो गेला.

गुलाबराव काका मागेच वारले. जिनिंगच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. 'आभाळतांडा'ची एकही कॅसेट नाही, कॅमेरावाल्याने त्या सगळ्यांवर लग्नं भरली. कैलास आहे. त्याला आता चष्मा लागला आहे.