झऱ्याभोवतीचं कुंपण

महापुराचं पाणी उतरलं तेव्हा महाडमधल्या माझ्या शिवणाच्या दुकानात गुडघाभर गाळ होता. मशिनी त्यात रुतून बसल्या होत्या. गल्लीत सगळ्यांचीच ती गत, कोण कुणाला मदत करणार? तेव्हा शाळेपासूनची माझी मैत्रीण फावडं घेऊन दारात उभी राहिली. तिचं घर उंचावर, कोरडं राहिलेलं. माझ्या बरोबरीने तिने गाळ उपसला, मशिनी धुतल्या, त्यांना तेल दिलं. मला निवांत रडायला मिळालं तेही तिच्यामुळेच.

दुकान सुरू झाल्यावर ती म्हणाली, "आपलं निभावलं गं. वर डोंगरात काय झालंय ते बघायला चल."

पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या बाजूला एक वाडी आहे. दरड घरांना चाटून गेली. माणसं वाचली, पण वाडीची एकुलती एक विहीर गाडली गेली. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला कामाला. दिवाळीनंतर बायकांना हंडे घेऊन पार खालच्या ओढ्यापर्यंत उतरावं लागायला लागलं.

पुरानंतर महाडात एक मदत गट जमला होता; त्याच्याबरोबर आम्ही दोघी चादरी आणि धान्य घेऊन जात होतो. एका म्हातारीचा गोठा म्हशीसकट गेला होता. तिने तोंडावर सांगितलं, "चादरी लय झाल्या गो. पान्याचं काय तरी बगा."

तीच आम्हाला दरडीच्या खालच्या अंगाला घेऊन गेली. तिथे उंबराजवळ ओल दिसत होती.

"ही जागा कुणाची?" मैत्रिणीने विचारलं.

"आमच्याच भावकीतल्याची. मुंबैला हाय. हिकडं फिरकत नाय. पर पान्याला नाय म्हननार नाय तो."

परवानगी घ्यायची म्हणून ती विचारतेय, असं मला वाटलं.

मग दर रविवारी खणायचं काम सुरू झालं. वाडीतल्या बायका दगड वाहायच्या, आम्ही माती ओढायचो. मैत्रिणीच्या तळहातांना फोड आले, तरी ती थांबली नाही. झऱ्याचं पाणी लागलं, स्वच्छ झालं, भोवती दगडांचा कठडा झाला. त्या दिवशी म्हातारीने मैत्रिणीची ओटी भरली. माझीही भरली, पण आधी तिची. "ह्ये तुजं म्हायेर समज," म्हणाली. मैत्रिणीचे डोळे भरून आले होते. ते रडू खोटं होतं असं आजही मला म्हणवत नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

पुढच्या वर्षी ती गटात यायची कमी झाली. कामं आहेत म्हणायची. उन्हाळ्याच्या तोंडाला म्हातारीच्या सुनेचा फोन आला. "ताई, झऱ्याला तारेचं कुंपन घातलंय. मोटार पन बसवलीय. आमाला जवळ येऊ देत नाय."

मी एसटीने गेले. उंबर कुंपणाच्या आत गेला होता. वरच्या सपाटीवर बंगल्याचा पाया खणलेला. गेटवरच्या माणसाला मालक कोण म्हणून विचारलं, तर त्याने माझ्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. त्या नावाची दुसरी कुणी असेल, असं मी त्याला दोनदा म्हणाले.

संध्याकाळी महाडला परतले ती थेट तिच्या घरी. तिने चहा ठेवला.

"सगळं कायदेशीर आहे," ती म्हणाली. "त्याला विकायची होती, मी घेतली. मी नसती घेतली तर दुसऱ्या कुणी घेतली असती."

"कधी घेतलीस?"

"बोलणं त्याच हिवाळ्यात झालं होतं."

"म्हणजे आपण खणत होतो तेव्हा?"

ती गाळणी धुवायला लागली. "तुला आवडणार नाही म्हणून बोलले नाही. आणि पाणी काय मी एकटी पिणार आहे? त्यांना पाइप देईन की."

चहा न घेता मी उठले.

वाडीने ग्रामपंचायतीत तक्रार केली. मोजणी झाली. जागा मैत्रिणीचीच ठरली. बऱ्याच चकरांनंतर कुंपणाबाहेर एक नळ निघाला. सकाळी थोडा वेळ त्याला पाणी येतं. सुना तिथे भरतात. म्हातारी मात्र सुनेचं न ऐकता कळशी घेऊन ओढ्यावर जाते.

त्यानंतर एकदा मी तिला भेटायला गेले. तिने पाट दिला, कोरा चहा दिला, माझ्या दुकानाची चौकशी केली. निघताना म्हणाली, "तुजं काय चुकलं नाय गो. पर आता परत कुनाला हितं आनू नको."

गेल्या पावसात मैत्रीण बाजारात भेटली. भाजीच्या गाडीपाशी माझा दंड धरून हसत म्हणाली, "अजून रागावली आहेस होय?" जणू तिने मला हळदीकुंकवाला बोलवायचं राहून गेलं, एवढंच काय ते घडलं होतं. मी हात सोडवला, अर्धवट निवडलेल्या भेंड्या तशाच ठेवल्या आणि दुकानाकडे चालू लागले.