ह्यांचा कार्डिओग्राम

दवाखान्यात पंखा गरगरत होता, तरी समोरच्या बाईंच्या कपाळावर घाम डवरला होता. साठीच्या असाव्यात. जबड्याखाली त्या हाताने सारखं दाबत होत्या.

"दाढ दुखतेय का?" मी विचारलं.

"छे हो, पित्त झालंय. पाठही भरून आलीय."

"उपास फार करते," शेजारी बसलेले यजमान म्हणाले.

दोघं आत गेली. पडद्याआडचं सगळं बाहेर ऐकू येत होतं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. मग बाईच म्हणाल्या, "आलोच आहोत तर ह्यांचा कार्डिओग्राम काढा. जिना चढताना दम लागतो ह्यांना."

पुरुषाचा हात छातीकडे गेला की माणसं अनवाणी रिक्षा आणायला धावतात. बाईचं काळीज मात्र जबड्यात, पाठीत, कुठे कुठे दुखत राहतं, आणि आपण त्याला पित्त म्हणतो, उपास म्हणतो, वय म्हणतो. सगळ्यांच्या आधी ती स्वतःच म्हणते. घरातल्या प्रत्येकाचं दुखणं तिला दिसतं. स्वतःचं दिसायला तिला आरशासमोर तेवढा वेळ उभं राहावं लागेल.

त्या बाहेर आल्या. चेहरा राखेसारखा, पण हसरा. "ह्यांचा अगदी छान आला हो!"

"आता तुमचाही काढून घ्या. आत्ताच," मी म्हटलं.

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या, आणि दाराची चौकट धरून तिथंच थांबल्या. यजमान पाठमोरे, निवांतपणे चपला घालत होते.