स्ट्रेचरच्या रुंदीची पट्टी

दवाखान्यात वीस-बावीस वर्षं काढली की किस्से साचतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. माझ्याकडचे बहुतेक किस्से डॉक्टर चांदेकरांचे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासचे, श्रीरामपूरच्या आमच्या छोट्या दवाखान्यातले. मी तिथे नर्स होते.

डॉक्टरांना "आता उपाय नाही" हे तोंडाने बोलता यायचं नाही. ते बँडेजची पट्टी स्ट्रेचरच्या रुंदीएवढी कापायचे, नातेवाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घराचं दार केवढं आहे, मोजून या." माणूस घरी जाऊन मोजायचा आणि मोजता मोजता त्याला कळायचं. तो परत येईपर्यंत सलाईन, ऑक्सिजन सगळं चालू. आपल्या हाताने काही काढायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम.

*

पाथर्डीकडचा एक ऊसतोड कामगार बापासाठी पट्टी घेऊन गेला. दोन दिवसांनी आला तो धुळीने माखलेला.

"दार ल्हान हुतं डॉक्टर. चौकट पाडून आलोय."

म्हातारा जीपमधून घरी गेला. आणि वारलाच नाही! पुढच्या वर्षी खोकल्याचं औषध न्यायला स्वतःच्या पायांनी आला. पोराने चौकट अजून बसवली नाही, घरात कुत्री शिरतात, अशी त्याची तक्रार होती. डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

*

एक वकील आले. वडिलांना घशाचा कॅन्सर, हाल बघवत नव्हते. एक इंजेक्शन देऊन मोकळं करा, म्हणाले. मी तिथेच उभी होते.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "कलम कोणतं लागेल, वकीलसाहेब?"

वकील म्हणाले, "तीनशे दोन."

"दुखणं कमी करायचं औषध मी शेवटपर्यंत देईन," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या पुढचं माझ्या हातात नाही."

वकिलांनी मान हलवली आणि पट्टीसाठी हात पुढे केला. वडिलांना घरी नेल्यावर डॉक्टर रोज संध्याकाळी सायकलवरून त्यांच्याकडे जायचे. बॅग धरायला मी.

*

शनिशिंगणापूरच्या एका आजींनी मात्र डॉक्टरांची पंचाईत केली. नवरा खाटेवर, शुद्ध गेलेली. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारून पट्टी पुढे केली. आजींनी ती घेतलीच नाही.

"आमच्या गावात घराला दार नस्तंय. कवाबी न्या."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी औषधांच्या कपाटाकडे बघितलं. शेवटी त्यांना बोलावंच लागलं, की आजोबा आता बरे होणार नाहीत.

"त्ये मला कवाच कळलंय," आजी म्हणाल्या. "तुमालाच सांगाया लई जड जातंय."

*

खोटं कशाला बोलू, मला तो माणूस फार आवडायचा. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, राहायचे दवाखान्यामागच्या एका खोलीत. मी स्टेशनजवळ आईसोबत. इतक्या वर्षांत त्यांनी मला "सिस्टर" सोडून दुसरी हाक मारली नाही आणि मीही कधी काही बोलले नाही. अजून सायकलची घंटा वाजली की मी दाराकडे बघते.

मग त्यांनाच लिव्हरचा आजार झाला. आमच्याच दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायचे. नगरचे डॉक्टर पुण्याला चला, ऑपरेशन करू, म्हणत होते. यांनी हात जोडून नको म्हटलं.

एका दुपारी मी सलाईनची बाटली बदलत होते. ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या घराचं दार केवढं आहे?"

मी ॲप्रनच्या खिशातून पट्टी काढली. मागच्याच रविवारी घरी नेली होती.

"चार बोटं जागा उरते," मी म्हटलं.