आक्कांचं काचेच्या पंखाचं पाखरू

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांच्यासाठीच डायपर घेत होते. पुडा दुकानदाराला परत दिला आणि घरी आले. रडू आलं नाही. पाय दुखत होते, एवढंच कळत होतं...

आक्का माझ्या थोरल्या नणंद. जन्मभर अंगणवाडी चालवली, शेवटचे चार महिने आमच्याकडे अंथरुणाला खिळून होत्या. खाट खिडकीशी आणि बाहेर अनंताचं झाड. त्याच्या पानांवर अंडी घालायला एक पतंग भरदिवसा येतो. भुंग्यासारखा घोंगावत हवेत एका जागी थांबतो. नवख्याला इवला पक्षीच वाटतो. आक्कांनी एकदा अंगणवाडीतल्या पोरांसाठी बरणीत अळी पाळून तो कोषातून निघताना पाहिला होता. "पंखावर राखेवानी भुकटी असते वैनी. पहिल्यांदा फडफडला की झडून जाते, मग पंख नुसते काचेचे!" तेवढं पाखरू पुन्हा दिसावं, याखेरीज त्यांनी काही मागितलं नाही.

मला मात्र झाडावर अळ्या आणि कुरतडलेली पानं दिसली. आक्कांना निदान फुलं तरी दिसावीत म्हणून मी कपाशीचं उरलेलं औषध मारलं. संध्याकाळी झाडाखाली अळ्यांचा सडा पडला होता.

"काहून मारलं गं? त्याचीच तर पाखरं होणार होती..."

मग रोज चार वाजता सुरू झालं, "आला का? मला इथून अर्धंच झाड दिसतं. जा, बघून ये." मी बाहेर ओट्यावर जरा टेकायची आणि आत येऊन सांगायची, "येऊन गेला. तुमचा डोळा लागला होता." एकदा त्यांनी विचारलं, "पंखावर भुकटी होती?"

"होती की, भरपूर."

आक्का खोकत हसल्या. "खोटारडी! उडत्या पाखराच्या पंखावर भुकटी कुठून राहील?"

मी ओशाळले. वाटलं, आता विचारणं बंद. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा हाक आली. "जा, बघून ये. अन् लगेच पळत येऊ नको, बराबर दहा मिनिटं बस. सकाळपासून टेकली न्हाईस."

आता कुणी पाठवत नाही. तरी चारला मी ओट्यावर जाऊन बसते. अनंताला नवी पालवी आली आहे. बहुतेकदा बसल्याबसल्या माझाच डोळा लागतो. तेवढ्यात तो येऊन गेला असेल, तर मला सांगता येणार नाही.